पिवळे ठिपके

इंजिन थंड हवं, आणि इथे ब्यूटमध्ये
मार्च संपत आला तरी थंडीला तोटा नाही.
शेडमध्ये उणे सहा. रात्रभर उभी राहिलेली गाडी
दगड झालेली, हात लावला की बोटं चिकटतात.

शोरूमवाला फोनवर म्हणाला, चारशे ऐंशी डॉलर,
वर गॅस्केट, वर कर, आणि दोन आठवडे थांबा.
काम काय, तर चार टॅपेट.
चार फटी, एकेका केसाएवढ्या.
बघतो म्हटलं, आणि कॉफी संपवली.

तीस वर्षं टपाल वाटलं मी मोन्टॅनाच्या या डोंगरावर,
फीलर गेज म्हणजे काय ते मला शिकवू नका.
कुणाच्या पत्रपेटीचं तोंड अरुंद, कुणाचं सैल,
जाड लिफाफा कुठे अडतो, कुठे अलगद सरकतो
हे माझ्या अंगठ्याला पाठ आहे.
पत्ती आत गेली पाहिजे, पण सहज नाही.
बाहेर ओढताना जरा कुरकुरली पाहिजे.
पुस्तकात एवढंच लिहिलंय, तीन पानं खर्चून.

सीट काढली. टाकी काढली.
(लिहायला दोन वाक्यं; प्रत्यक्षात पाऊण तास,
आणि एक क्लिप अजून सापडलेली नाही.)
मग टॉर्च दातांत धरून हेडवर वाकलो
आणि दिसले:
प्रत्येक बोल्टवर, अर्धा डोक्यावर, अर्धा खालच्या धातूवर,
कारखान्यानं दिलेला पिवळा ठिपका.
अखंड.

दोन वर्षांपूर्वी याच कामाचे चारशे दहा मोजले होते.
बिल अजून खिळ्याला टांगलंय:
'टॅपेट तपासले, जुळवले.' खाली सही, ई. एच.
म्हणजे एमेट हार्यू, खालच्या गल्लीतला.
बोल्ट फिरला असता तर ठिपका तुटला असता.

मी शिव्या दिल्या. शेडला दिल्या, गाडीला दिल्या,
मग एमेटला, नाव घेऊन.
आणि आठवलं, त्या वर्षी त्याच्या पेटीत
किती खिडकीवाले लिफाफे टाकले होते मी,
हॉस्पिटलचे, लाल अक्षरांचे.
शोरूम पगार देतं नगावर, तासावर नाही.
मन लावून टॅपेट जुळवणारा तिथे उपाशी मरतो.
आठवलं म्हणून राग गेला, असं नाही.
राग होताच, फक्त त्यावर आता पत्ता नव्हता.

पिस्टन वर आणला. खिडकीत रेघ आली.
इनटेकचे दोन्ही ठीक.
एक्झॉस्टचा उजवा, ठीक म्हणावा असा.
डाव्यात पत्ती शिरेचना. सगळ्यात पातळ होती तीही.
सैल टॅपेट वाजतो, अख्ख्या गल्लीला सांगतो.
घट्ट झालेला गप्प बसतो, आणि व्हॉल्व्ह आतल्या आत जळतो.
आणि मी दोन वर्षं म्हणत होतो,
काय गुळगुळीत चालते माझी गाडी!

लॉकनट हलेना. पाना निसटला, बोटाची साल गेली.
सात वाजता एमेटला फोन लावला.
म्हटलं, एक नट अडलाय, तुझा हात लागेल.
आला. स्वतःचा पाना घेऊन, रुमालात गुंडाळलेला.
वर्तमानपत्रावर बोल्ट ओळीनं मांडले होते,
अर्धे अर्धे पिवळे.
त्यानं पाहिले. त्याला पाहताना मी पाहिलं.
कॉफी घेणार का, विचारलं. नको म्हणाला.

पाव वळसा. पत्ती. पुन्हा वळसा, पावाहून कमी.
'आता ओढ,' म्हणाला. ओढली. कुरकुरली.
टाकी चढवून गाडी सुरू केली तेव्हा ती
पूर्वीपेक्षा जरा जास्तच वाजत होती, टिक टिक,
पलीकडच्या खोलीत कुणी शिवत बसल्यासारखी.
दोघंही ऐकत राहिलो, गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ.

तो गेल्यावर दिवा मालवताना बिलाकडे लक्ष गेलं.
जुनी तारीख खोडलेली,
वर पेन्सिलीनं आजची.
पेन्सिल माझीच, गेजशेजारी पडलेली.
सही तशीच ठेवली होती त्यानं.